परसपंचमीला पाठ का फिरवतात

या, असे मागच्या बोळानं या. पुढचं दार ठोठावून उपयोग नाही. वैशाख वद्य पंचमीला पानजाईच्या पेठेत पुढच्या दारांना कड्या असतात आणि मागची दारं सताड उघडी. सकाळपासून किती परसं बघून झाली तुमची? नऊ? म्हणजे पन्ह्याचे नऊ पेले पोटात गेलेत, तरी दहावा घ्यावाच लागेल, इथं नको म्हणायची सोय नाही. त्या रामफळाच्या सावलीत बसा. चपला असू द्या, मातीत कसल्या काढताय.

एक गोष्ट तुम्ही नऊही परसांत पाहिली असेल. घरधनीण हसून आत घेते, झाडं दाखवते, पन्हं देते, आणि मग एकाएकी तुमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभी राहते. नव्या माणसाला वाटतं, बाईंना राग आला. मागल्या साली एक गृहस्थ तर हात जोडून माफी मागत बाहेर पडले, बिचारे रिकाम्या हातानं गेले. राग नसतो तो. तेवढ्या वेळात पाहुण्यानं मनाला भावलेल्या झाडाची एक फांदी, एखादं रोप, नाहीतर चार बिया घ्यायच्या आणि 'पानजाई' म्हणून निघायचं. काय नेलं हे घरधनिणीनं बघायचं नाही, विचारायचं नाही. आणि देवळाच्या पायरीशी पाण्यानं भरलेलं एक दगडी उखळ आहे, चिमण्या अंग बुडवतात ते, पाहिलंत ना? त्या उखळाची आणि या पाठीची गोष्ट एकच आहे.

पूर्वी, किती पूर्वी ते विचारू नका, पेठेत हिरव्या चाफ्याचा एकच वेल होता म्हणे. हिरवा चाफा माहीत असेल तुम्हाला. पानांच्याच रंगाचं फूल, पानांच्याच आड बसतं. डोळ्यांना दिसत नाही, पिवळसर व्हायला लागलं की वासानं सापडतं. पानजाई डोंगरावरून पेठेत आली तीही अशीच, असं सांगतात. कुणाला दिसली नाही, फक्त वास आला. ज्या माणसानं त्या वासामागं जाऊन तिची मूर्ती शोधली, त्याच्या परसात हा वेल उगवला आणि त्याच्या घराला मान मिळाला. तेच मानकरांचं घर. दर परसपंचमीला, तेव्हा नुसती पंचमीच म्हणत, मानकरांच्या घरच्या कर्त्या बाईनं वेलावरचं एक फूल स्वतःच्या हातानं खुडायचं. दुसऱ्याचा हात लागलेलं देवीला चालत नसे. फूल पळसाच्या द्रोणात घालून देवळात न्यायचं. उंबऱ्यावर गुरव विचारणार, "कुणाच्या परसातलं?" बाईनं म्हणायचं, "मानकरांच्या." मग फूल देवीच्या हातावर जाई आणि समई लागे.

मान मिळाला तेव्हा मानकरांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती. ज्या साली फूल चुकेल, त्या साली देवीची पेठ सोडायची, मागं वळून बघायचं नाही. आणि पेठेनं त्यांना शब्द दिला होता की देवीच्या वेलाला दुसरं कुणी हात लावणार नाही, लावला तर त्याला देवळाची पायरी बंद, पाणवठा बंद. दोन्ही बाजूंनी अशी गाठ घट्ट मारलेली.

आता मान म्हटला की तो राखायचा घोर लागतो. मानकरांनी परसाला भिंत घातली, भिंतीला एकच दार, दाराला कुलूप, कुलपाची किल्ली घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला. वेलाला फळं धरत, लिंबाएवढाली, घोसानं. त्यातलं एखादं बी बाहेर गेलं तर दुसऱ्याच्या परसात वेल होईल, मग मान कसला उरला? म्हणून फळ पिकायच्या आत खुडायचं आणि उखळात घालून बियांसकट ठेचायचं, असा त्या घरचा शिरस्ता होता. सासू सुनेला मंगळसूत्रानंतर ते उखळ दाखवत असे म्हणतात. खरंखोटं देवीला माहीत.

या गोष्टीतल्या वेळी किल्ली होती थोरल्या बाईंच्या कमरेला. नाव आवडाबाई, पण साऱ्या पेठेत त्यांना थोरल्या बाईच म्हणत. सत्तरीच्या, एकट्या, ताठ कण्याच्या. बोलणं असं की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं, पण हाताखालच्या माणसाला जेवल्याशिवाय कधी पाठवलं नाही. आणि हाताखाली होती हौसा. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, बोळाच्या टोकाला एक खोली आणि तिच्यामागं चार हातांचं परस. हौसा रोज सकाळी मानकरांच्या झाडांना पाणी घाली, पालापाचोळा गोळा करी आणि फळांच्या दिवसांत, थोरल्या बाई समोर बसलेल्या असताना, मुसळ हातात घेऊन बिया ठेची.

आठ वर्षं ठेचल्या तिनं. नवव्या वर्षी एक बी मुसळाखालून उडालं आणि तिच्या ओच्यात जाऊन बसलं. तिला पत्ताच नाही. घरी लुगडं झटकताना ते जमिनीवर पडलं. हौसानं उचलून तळहातावर घेतलं. दुसऱ्या दिवशी परत न्यायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण तिच्या मनात आलं, इतक्यांचा जीव या हातानं घेतला, एक तरी जगू दे. तिनं तडा गेलेल्या एका माठात माती भरली आणि बी लावलं. ही तिची चोरी. चोरी म्हणा नाहीतर काहीही म्हणा, तिनं स्वतः मात्र तिला चोरीच म्हटलं.

हिरव्या चाफ्याचं बी रुजायला महिनोन् महिने घेतं. हौसा रोज पाणी घाली आणि रोज मनात म्हणे, नाही आलं तर बरं. आलं. माठातून जमिनीत उतरलं, शेजारच्या रामफळाला आकडे टाकून वर चढलं. पाचव्या वर्षी कळ्या धरल्या. पानं काय, कुणीही म्हणेल असेल कसला तरी वेल. पण वास कसा लपवणार? मग तिनं एक तोड काढली. रोज दिवेलागणीआधी वेलाजवळ जायचं, पानं चाचपून फुलं शोधायची आणि पिवळी पडायच्या आत, वास सुटायच्या आत, हिरवी असतानाच खुडून मातीत पुरायची. म्हणजे बघा, तिकडं थोरल्या बाई फळं ठेचून घेत होत्या आणि इकडं हौसा फुलं पुरत होती. दोन वर्षं हे चाललं. स्वतःच्या परसातल्या फुलाचा वास कसा असतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

आता त्या सालची गोष्ट. मानकरांच्या भिंतीबाहेर लोक संध्याकाळचे थांबायला लागले होते. कुणी बाळंतीण लेकराला घेऊन उभी राही, कुणी म्हातारा काठी टेकून. वास घ्यायचे आणि जायचे, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण थोरल्या बाईंना ते खपेना. "वास घ्यायचा तर देवळात घ्या," म्हणाल्या, आणि मार्गशीर्षात भिंत दोन हात उंच करायचं काम काढलं. गवंड्यांनी सारखं आतबाहेर केलं तर कुणी फांदी पळवेल, ही धास्ती. म्हणून त्यांनी चुना आतच विरवायला लावला. खड्डा खणला तो वेलाच्या शेजारी, कारण तिथं खाटल्यावर बसून त्यांना लक्ष ठेवता येत होतं. हौसा म्हणाली, "बाई, चुन्याचं पानी आळ्यात उतरंल." बाई म्हणाल्या, "तू पाण्याचं बघ, चुन्याचं मी बघते."

कळीचा चुना महिनाभर त्या खड्ड्यात फसफसत होता. भिंत उंच झाली, छान झाली, दोन हात काय अडीच हात झाली. आणि माघात वेलाची पानं कडेनं करपायला लागली. फाल्गुनात गळाली. हौसानं आळ्यातली माती बदलली, ताक घातलं, शेण घातलं. चैत्रात वेल म्हणजे नुसती वाळकी दोरी उरली. एका सकाळी थोरल्या बाईंनी नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं नव्हतं. त्या तिथंच खाटल्यावर बसल्या. हौसानं इतक्या वर्षांत त्यांनी भिंतीला पाठ टेकलेली पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली.

"पंचमीपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढू नको," थोरल्या बाई म्हणाल्या.

"न्हाई काढत. पर बाई, पंचमीला काय करायचं?"

"जायचं. शपथ घेतली वाडवडिलांनी, ती काय गंमत म्हणून घेतली?"

एवढंच बोलणं झालं. मग त्या एकेक कपाट उघडून बसू लागल्या. लुगडी एका गाठोड्यात, देव दुसऱ्यात. सत्तर वर्षांत ज्या बाईनं वेशीबाहेर रात्र काढली नव्हती, ती कुठं जाणार होती, ते तिलाही माहीत नव्हतं. पंचमीला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांनी हौसाला तुळशीजवळ बोलावलं. म्हणाल्या, "मी गेल्यावर हिला पाणी घालशील ना? भिंत उंच आहे, ऊन कमी लागतं हिला आता. थोडी पुढं सरकवून ठेव."

हौसा हो म्हणाली आणि घरी येऊन ढसाढसा रडली.

तिच्या रामफळावर वेल पानापानांतून भरला होता, आणि कळ्या धरत होत्या. पण करणार काय? फूल खुडून गुपचूप बाईंच्या उंबऱ्यावर ठेवावं, तर दुसऱ्याच्या हातचं फूल देवीला चालत नाही. आणि गुरवानं 'कुणाच्या परसातलं' विचारल्यावर थोरल्या बाई देवीसमोर खोटं बोलणार नाहीत, हे हौसाला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बाईंनी स्वतः इथं यायला हवं, या वेलासमोर उभं राहायला हवं. मग सारं उघडं पडणार. पायरी बंद, पाणवठा बंद. ज्या पेठेत चार घरं तिला आपली म्हणत होती, ती चारही दारं लागणार. सात दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. सातही दिवस संध्याकाळी ती वेलाजवळ गेली आणि सवयीनं फुलं खुडून पुरत राहिली. माणूस असंच असतं, त्यात तिला नावं ठेवायला नको.

पंचमीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीआधी ती पुन्हा गेली. पानं बाजूला सारली. एकच फूल होतं, कडेला किंचित पिवळं धरलेलं. तिनं बोटं पुढं केली आणि मागं घेतली. मग परसाच्या मागच्या दाराची कडी काढली, दार सताड उघडून त्याला दगडाची अटक दिली आणि घरात जाऊन आडवी झाली.

असं सांगतात की त्या पहाटे साऱ्या पेठेला वासानं जाग आली. कुणी म्हणालं, मानकरांचा वेल यंदा कहरच करतोय. पण जो उठून बोळात आला त्याचे पाय मानकरांच्या भिंतीकडं न जाता उलटीकडं, टोकाकडं वळले. थोरल्या बाई स्नान करून, रिकामा द्रोण पदराखाली घेऊन देवळात निघाल्या होत्या. द्रोण रिकामा दाखवायचा आणि तिथूनच वेशीबाहेर पडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गाठोडी दाराशी बांधून ठेवली होती. बोळात त्यांना वास आला आणि त्या थांबल्या. सत्तर वर्षं ज्यांनी तो वास घेतला, त्यांना कुणी सांगायला नको होतं.

हौसाच्या उघड्या दाराशी माणसं उभी होती. आत पाऊल टाकायचा धीर कुणाला होईना. थोरल्या बाई आल्या तशी वाट झाली. त्या आत आल्या. समोर फुटका माठ, माठाच्या भगदाडातून निघालेला वेल, रामफळ आणि रामफळाखाली हौसा.

"बाई," हौसा म्हणाली, "एक बी उडून माझ्या वच्यात आलं व्हतं. म्या परत आनलं न्हाई. चोरी केली म्या. आता तुमी काय म्हनाल ते."

थोरल्या बाई वेलाकडं बघत होत्या. फूल पानांत कुठं आहे ते त्यांना लगेच दिसलं. पण हात पुढं होईना. सत्तर वर्षांत त्या हातानं दुसऱ्याच्या परसातलं पानसुद्धा घेतलं नव्हतं. आणि आता जिला वर्षानुवर्षं समोर बसवून ठेचायला लावलं, तिच्यापुढं, तिच्या डोळ्यांदेखत, घ्यायचं. हौसानं बाईंचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं ती त्या चेहऱ्याच्या धाकात होती. आज तो बघवेना तिला. घेणाऱ्याला किती अवघड जातं, हे तिनं त्या एका क्षणात ओळखलं.

आणि हौसानं पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड केलं, कपाळ भिंतीला टेकवलं आणि उभी राहिली.

दाराशी एक म्हातारी होती, तिनं पाहिलं आणि तीही वळली. मग तिच्या मागचा, मग त्याच्या मागचा. बोळातली सगळी माणसं पाठमोरी झाली, असं सांगतात. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

भिंतीला कपाळ लावून हौसा उभी होती. पहिल्यांदाच तिला आपल्या फुलाचा वास पोटभर मिळत होता. पिकल्या फळासारखा गोड. तो तिच्या डाव्या खांद्यामागून येत होता, वेल होता तिथून. बराच वेळ तिथूनच येत राहिला. मग तो हलला. तिच्या पाठीमागून हळूहळू सरकत गेला, दारातून बाहेर पडला, बोळात गेला. तेव्हा तिला कळलं की बाईंनी घेतलं.

ती वळली. वेलावर फूल नव्हतं. फुटक्या माठाच्या काठावर मात्र मानकरांच्या परसाची किल्ली ठेवलेली होती.

देवळाच्या उंबऱ्यावर गुरवानं नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या परसातलं?" त्याला उत्तर पाठ होतं, त्याचा हात द्रोणाकडं गेलाही होता. थोरल्या बाई म्हणाल्या, "हौसाच्या." गुरवाचा हात तसाच राहिला. त्यांनी पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हौसाच्या परसातलं. तिनं राखलं म्हणून आहे. आमच्याकडचं आम्ही मारलं." मग म्हणे देवीची समई गुरवानं वात लावायच्या आधीच लागली. ज्यांना हे पटतं त्यांनी पटवून घ्यावं. पण गुरवानं फूल देवीच्या हातावर ठेवलं, एवढं नक्की. फूल चुकलं नाही, म्हणून शपथ मोडली नाही, आणि थोरल्या बाईंची गाठोडी त्याच दुपारी हौसानं सोडली.

पायरी बंद करायचा विषय कुणी काढला असेल नसेल, थोरल्या बाई असेपर्यंत तो कुणाच्या ओठांवर आला नाही. त्यांनी चार गडी लावून उखळ देवळाशी आणून टाकलं आणि वाढवलेली भिंत उतरवायला सुरुवात केली. पुढच्या पंचमीला परसाचं मागचं दार उघडं होतं आणि थोरल्या बाई स्वतः, जी माणसं भिंतीबाहेर वास घ्यायला थांबत, त्यांना आत बोलावत होत्या. पन्हं देत होत्या. आणि पन्हं देऊन झालं की भिंतीकडं तोंड करून उभ्या राहत होत्या. त्या वाळक्या वेलाला बुडातून फुटवा आला, असं सांगतात. कुणी म्हणतं देवीनं दिला, कुणी म्हणतं हौसानं हळूच दुसरं रोप लावलं. तिला विचारलं तर ती हसायची म्हणे.

आजही पंचमीला गुरव उंबऱ्यावर तेच विचारतो. हिरवा चाफा आता घरोघरी आहे, कुणीही फूल घेऊन जावं. पण उत्तर देताना आपलं नाव घ्यायचं नाही. ज्या परसातून आपलं झाड आलं, त्या परसाचं नाव घ्यायचं. त्या घरची बाई तिथंच कुठंतरी उभी असते. पाठ फिरवून दिलेलं असतं ना, कुणी नेलं ते तिला ठाऊक नसतं. तिला तेव्हा कळतं की आपल्याकडचं कुठंतरी लागलं, जगलं. मग ती पदरानं डोळे टिपते. दरसाल बघतो आम्ही, दरसाल आमचेही भरून येतात.

झालं ना पन्हं? पेला राहू द्या तिथंच. तुम्ही ज्याच्या सावलीत बसलात ते रामफळ हौसाच्या रामफळाच्या बियाचं, आणि वरचा वेल तुम्हाला दिसत नसला तरी वास आला असेलच. कात्री माठाच्या काठावर आहे. घाई करू नका, सावकाश घ्या, कुणी बघणार नाही.

हे परस अनसाबाई जमदाड्यांचं, म्हणजे माझं. कुठंही लावा, आपल्या गावी लावा, गच्चीवर लावा. कधी कुणी विचारलं, कुणाच्या परसातलं, तर तेवढं नाव सांगा.

ही बघा, फिरवली पाठ.